गैरहजर मुलांना कोण तपासणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१५ फेब्रुवारीच्या आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिनानिमित्त आपण जिल्ह्याच्या पानावर एक फोटो छापलात. मुलांच्या छातीवर सोनेरी फिती, हातात फुगे, मागे फलक. शेजारच्या चौकटीत वर्षभरात शाळांमधून किती मुलांची आरोग्य तपासणी झाली त्याचा आकडा. आकडा मोठा होता, आणि तो खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवताना असे आकडे मी स्वतः भरून दिले आहेत. ते कसे तयार होतात हे मला माहीत आहे, म्हणून लिहिते आहे.

गोष्ट २०१७ सालची. माझ्याकडे चौथीचा वर्ग होता, पट ३१. त्यातल्या एका मुलाबद्दल सांगायचं आहे. नाव लिहीत नाही. तो आता बारावीची परीक्षा देतोय आणि आजार आपल्या नावाला चिकटू नये असं त्याला वाटतं. आईवडील ऊसतोडीचे. दसरा झाला की कारखान्याच्या फडावर, परत यायचे ते उन्हाळ्यात. तोवर हा आजीजवळ.

खो-खोत पोरगा असा की पळतीला उभा राहिला की समोरचा संघ वैतागायचा. जून संपता संपता तो वर्गात बाकावर डोकं टेकून झोपायला लागला. मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून बसायचा. मी त्याला दोनदा, सगळ्या वर्गासमोर, म्हटलं, "आळस भरलाय नुसता अंगात." हे लिहिताना बरं वाटत नाही, पण ते गाळून बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

जुलैत ताप सुरू झाला. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ७.८, पांढऱ्या पेशी ३,२००, प्लेटलेट ६२ हजार, लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, ८६ टक्के. हा कागद पुढे इतक्या जणांना दाखवावा लागला की आकडे मला पाठ झाले. गावोगाव डेंग्यूची चर्चा होती, त्यामुळे प्लेटलेट कमी म्हटल्यावर पुढे कुणी वाचलंच नाही. पपईच्या पानांचा रस झाला, शेळीचं दूध झालं, बापाने बार्शीच्या बाजारातून किवी आणली. डेंग्यूत प्लेटलेट पडतात हे खरं. पण हिमोग्लोबिन असं आठच्या खाली का आलं, हा प्रश्न त्या कागदावर उघडा पडलेला होता.

याच जुलैत शाळेत आरोग्य पथक आलं. पथकाने काम नीट केलं, डोळे, दात, कान, वजन, सगळं पाहिलं. त्या दिवशी हजर मुलं २७, तपासलेली मुलं २७. प्रपत्रात मी माझ्या हाताने लिहिलं, 'हजर विद्यार्थ्यांपैकी १०० टक्के'. चार मुलं गैरहजर होती. दोघे मामाच्या गावाला गेले होते, एकीच्या घरी लग्न होतं, आणि चौथा घरी गोधडीत तापाने पडला होता. त्या महिन्यात तो पंचवीसपैकी सहा दिवस शाळेत आला होता. शाळेतलं सगळ्यात आजारी पोर तपासणीच्या दिवशी शाळेत नसतंच, संपादक महोदय. एवढी साधी गोष्ट चौतीस वर्षांत माझ्या ध्यानात आली नव्हती.

जुलैअखेर त्याचे गुडघे आणि पाय दुखायला लागले. रात्री रडायचा. आमच्या भागातल्या एका डॉक्टरांनी सांधेवात सांगितला, एक इंजेक्शन दिलं आणि बारीक पांढऱ्या गोळ्या. आणि काय सांगू, दोन दिवसांत पोरगं उठून बसलं! भूक लागली, ताप गेला. १५ ऑगस्टच्या प्रभातफेरीत तो सगळ्यात पुढे होता. आजीने मला घरी बोलावून शेवयाची खीर खाऊ घातली. पोळा झाला, गोळ्या संपल्या आणि आठ-दहा दिवसांत सगळं दुपटीने परत आलं.

त्या गोळ्या स्टेरॉइडच्या होत्या. रक्ताच्या कॅन्सरच्या कच्च्या पेशी स्टेरॉइडने काही दिवस मरतात, ताप उतरतो, सांधे मोकळे होतात, आणि आजार आत तसाच राहतो. गंमत अशी, गंमत म्हणवत नाही पण दुसरा शब्द सुचत नाही, की पुढे मुंबईत सुरू झालेल्या उपचारातही पहिल्याच महिन्यात स्टेरॉइड होतं. फरक इतकाच की तिथे निदान करून, आणखी तीन औषधांच्या जोडीने, मोजून मापून दिलं. इथे ते निदानाच्या आधी दिलं आणि त्याने खूण पुसली.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या नडग्यांवर आणि दंडावर काळेनिळे डाग दिसले. मला वाटलं बापाने मारलंय. शाळा सुटल्यावर तडक घरी गेले आणि बापाला अंगणातच झापलं, "लेकराला गुरासारखं मारतोस?" तो गप्प उभा राहिला. आई आतून आली, पोराचा ओठ उघडून हिरड्या दाखवल्या. रक्त झिरपत होतं. म्हणाली, "बाई, कुणी हात लावला नाही हो. नुसतं धरलं तरी डाग उठतोय." त्या बापाची माफी मी नंतर मागितली, पण ते नंतर.

दुसऱ्या दिवशी परंडा-बार्शी एसटीने आम्ही नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलला गेलो. तिथे पुन्हा रक्त घेतलं, पण या वेळी काचपट्टी करून माणसाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तेवढ्यानेच कळलं. तिथल्या डॉक्टरांनी जुना कागद हातात घेऊन मला समजावलं. यंत्र पेशी मोजतं, पण पेशी कच्ची की पक्की ही ओळख त्याची नेहमी बरोबर येतेच असं नाही, कच्च्या पेशीही ते लिम्फोसाइटच्या खात्यात टाकतं. ते ८६ टक्के दिसले तेव्हाच कुणी काच डोळ्यांनी पाहायला हवी होती. काच बघायला फार पैसे लागत नाहीत. बघणारा लागतो, आणि 'बघा' असं चिठ्ठीवर लिहिणारा लागतो.

बार्शीहून रात्रीच्या लातूर-मुंबई एक्स्प्रेसने आईबाप पोराला घेऊन परळला टाटाला गेले. मीही रजा टाकून गेले, कारण फॉर्म कोण भरणार? फाईल निघाली, कमरेच्या हाडातून मगज काढून तपासला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, "आधी स्टेरॉइड दिलं होतं का? किती दिवस?" आईने पिशवीतून रिकामी पाकिटं काढून टेबलावर ठेवली. अडाणी बाई, पण तिने पाकिटं जपून ठेवली होती. माझ्यासारख्या शिकलेलीने ती फेकून दिली असती.

निदान झालं, रक्ताचा कॅन्सर, मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा प्रकार. डॉक्टर म्हणाल्या, या आजारातून बरीच मुलं पूर्ण बरी होतात, अट एकच, औषध मध्येच सोडायचं नाही. अडीच वर्षं. पहिले काही महिने मुंबई सोडायची नाही, मग दोन वर्षांच्या आसपास रोजच्या गोळ्या आणि ठरल्या तारखेला फेरी.

इथे एक विषयांतर करते. त्या पहिल्या महिन्यात शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक, व्हिन्क्रिस्टीन, सदाफुलीपासून मिळतं. आमच्या शाळेच्या कुंपणाला सदाफुलीच होती, मुलं परसबागेच्या तासाला तिला पाणी घालायची. हे मी गावात कौतुकाने सांगितलं ती माझी चूक झाली. आठवड्यात एक गृहस्थ सदाफुलीचा रस बाटलीत भरून आजीकडे घेऊन आले. कृपा करून कुणी असं करू नये. सगळं झाड विषारी आहे. त्यातून ते औषध वेगळं काढावं लागतं, तेही फार थोडं निघतं आणि मुलाच्या वजन-उंचीचा हिशेब करून देतात. तो रस मी मोरीत ओतला. गृहस्थ अजून माझ्याशी बोलत नाहीत.

औषधाचा खर्च तेव्हाच्या दीड लाखाच्या जनआरोग्य योजनेतून आणि हॉस्पिटलच्या समाजसेवकांनी मिळवून दिलेल्या मदतीतून भागला. आता योजनेची मर्यादा पाच लाख आहे, चांगली गोष्ट आहे. पण हे घर मोडायला आलं ते औषधाने नव्हे.

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्या कोयत्यावर मुकादमाकडून त्यांनी साठ हजार उचल घेतली होती, आणि ती पावसाळ्यात खर्चही झाली होती. ३० सप्टेंबरला दसरा. आई मुंबईत पोराजवळ, म्हणजे कोयता अर्धा. बाप एकटा गेला तर उचल फिटणार नाही, गेला नाही तर मुकादम दारात. तो मला म्हणाला, "बाई, दोन-तीन महिनं औषध झालं की घेऊन येतो लेकराला. बरं दिसायलंय की आता." हीच ती जागा, जिथे उपचार सुटतात. पहिल्या महिन्यानंतर मूल खरंच बरं दिसतं.

मी मुकादमाकडे गेले. कुणी त्याला खलनायक समजू नये, त्याच्या डोक्यावरही कुणाचं तरी कर्ज होतं. तो म्हणाला, उचल सोडता येत नाही, दुसरं माणूस द्या. दुसरं माणूस म्हणजे आजी निघाली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, कमरेला फडकं आवळून, मोळ्या बांधायला लेकाबरोबर फडावर गेली. मुकादमाने तिचा हिशेब पाऊण धरला. दोन हंगाम तिने काढले. वर्तमानपत्रात कॅन्सरवर मात केलेल्या मुलांच्या मुलाखती येतात. त्या आजीचा फोटो कुणी छापणार असेल तर मी बिन आरक्षणाची तिला मुंबईला घेऊन येईन.

मुंबईत पहिल्या चार रात्री जागा मिळाली नाही, मग दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत खोली मिळाली. पुढे सेंट ज्यूड या संस्थेच्या, कॅन्सरच्या मुलांच्या कुटुंबांना राहायला देणाऱ्या केंद्रात नंबर लागला. तिथे स्वच्छता, वेगळी खोली, स्वतःचं शिजवायला ओटा. आईने मला फोनवर अभिमानाने सांगितलं की तिच्या भाकरीसाठी शेजारची बिहारची बाई रांग लावते.

२०१८ च्या जूनमध्ये पोरगा पाचवीला परत आला. डोक्यावर कोवळे केस, गाल सुजलेले. एका पालकाने विचारलं, "लागट तर नाही ना?" लागट नसतोच हा आजार. उलट धोका त्याला बाकीच्या मुलांचा होता. असं औषध चालू असलेल्या मुलाला साध्या कांजण्याही जिवावर बेततात. म्हणून मी आणि मुख्याध्यापकांनी ठरवलं, शाळेत कुणालाही कांजण्या किंवा गोवर निघाला की त्याच्या आईला त्याच दिवशी निरोप. वर्षात दोनदा तसा निरोप द्यावा लागला. एकदा ती त्याच रात्री गाडीने मुंबईला निघाली. हे कुठल्या परिपत्रकात नाही, हॉस्पिटलच्या बाईंनी सांगितलं म्हणून आम्हाला कळलं. ज्या शाळेत असं मूल आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं.

२०२० च्या फेब्रुवारीत औषध बंद झालं. महिन्याभरात टाळेबंदी आली. आता वर्षातून एकदा तो टाटाच्या, उपचार पूर्ण झालेल्यांसाठीच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन येतो. हा विभाग १९९१ पासून चालतो, म्हणजे बरी झालेली मुलं मोठी होऊन पुन्हा दाखवायला येतात हे तिथे पस्तीस वर्षांपूर्वीच कुणीतरी धरून चाललं होतं.

दुसऱ्या एका मुलाबद्दल थोडक्यातच लिहिते, जास्त लिहवत नाही. माझाच जुना विद्यार्थी, सोळा वर्षांचा, कबड्डीत चढाई करणारा. गुडघ्याच्या वर दुखायचं. खेळणाऱ्या पोराचा गुडघा दुखतो यात कुणाला काय वाटणार? शेजारच्या गावात मोडलेलं बसवणाऱ्याने दोन महिने तेल लावून चोळलं आणि बांबूच्या कामट्या बांधल्या. पण ते दुखणं रात्री झोपेतून उठवायचं आणि सूज उतरत नव्हती. मुका मार असा वागत नाही. एक्स-रे निघाला तेव्हा हाडाचा कॅन्सर होता. आज वेळेत आलेल्या बऱ्याच मुलांचा पाय केमो आणि शस्त्रक्रियेने वाचवता येतो. याचा पाय कापावा लागला, तरी आजार फुप्फुसात गेलाच. एकोणिसाव्या वर्षी गेला. तो दहावीनंतर शाळेत नव्हता, कॉलेजात नव्हता, एका वीटभट्टीवर होता. कुठल्याच हजेरीपत्रकावर नाव नसलेल्या त्या वयाच्या मुलांचं काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. इतकंच सुचतं की तालमीतल्या वस्तादांना आणि गावच्या क्रीडा मंडळांना हे सांगायला हवं. दोन आठवड्यांवर रात्रीचं दुखणं असेल तर चोळू नका, एक्स-रे काढा. तसंच मानेतली न दुखणारी गाठ. ती टीबीचीच असं धरून महिनोन्‌महिने गोळ्या देण्याआधी गाठीचा तुकडा तपासा. विशी-पंचविशीतल्या पोरांना कॅन्सर होत नाही हा समज डॉक्टरांच्या केबिनमध्येही बसलेला असतो.

आणि मुली. आपल्या देशात हॉस्पिटलांच्या दफ्तरी मुलग्यांची नोंद मुलींपेक्षा बरीच जास्त होते, आणि हा फरक नुसत्या आजाराच्या माथी मारता येत नाही. मी एकदा आजीला विचारलं, "नात असती तर गेला असता का फडावर?" ती शेणी थापत होती. थापतच राहिली.

आता मागणीचं. २०१३ च्या फेब्रुवारीत ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच राज्यात पालघरला झाली, त्यात शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा तपासणी होते. दुभंगलेल्या ओठापासून हृदयविकारापर्यंत तीस दोष-आजारांची त्याची मूळ यादी आहे. त्यात कॅन्सर नाही. मुलांच्या कॅन्सरसाठी मोठ्या बायकांच्या कॅन्सरसारखी गावभर तपासणीची चाळणी लावता येत नाही आणि तो बहुधा टाळताही येत नाही, हे मला कळतं. लवकर शंका येणं हाच काय तो उपाय. मग ती शंका यायची सोय तरी करा. पथकाने शाळा सोडण्यापूर्वी वर्गशिक्षकाकडून एकच यादी मागावी: आजारपणामुळे दोन आठवड्यांवर गैरहजर असलेली मुलं. आणि त्यांच्या घरी जावं. एका शाळेत अशी दोन-तीन नावं निघतील, जास्त नाहीत. तिथे विचारायचं ते असं की ताप हटत नाही का, पोर पांढरंफटक पडलंय का, न लागता डाग उठतात का, हाड रात्री दुखतं का, कुठे गाठ आहे का, सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून उलटी होते का. अंगणवाडीतल्या बाळांच्या बाबतीत आणखी एक, डोळ्याच्या बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसते का. यातलं काही असेल तर रक्ताची काच माणसाने पाहावी, आणि ती पाहण्याआधी कुणी स्टेरॉइड देऊ नये.

हे आमच्याकडे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांत १९८७ पासून कॅन्सरची नोंदणी चालते, ग्रामीण भागातली देशातली पहिली. त्या नोंदणीची माणसं हॉस्पिटलात बसून राहिली नाहीत, गावोगाव जाऊन कुणाला काय होतंय ते विचारत फिरली. १९९९ पासून आमच्याच जिल्ह्यातल्या एक लाख तीस हजारांवर बायका गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या अभ्यासात सामील झाल्या आणि तो अभ्यास जगभर वाचला गेला. घरोघर जाऊन विचारण्याची सवय या मातीला आहे, फक्त पोरांबद्दल विचारायचं राहिलं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा यांच्या मेहनतीतून आलेल्या कार-टी उपचाराला, म्हणजे रुग्णाच्याच पेशी बदलून त्यांना रक्ताच्या कॅन्सरशी लढवणाऱ्या उपचाराला, मान्यता मिळाली, तेव्हा आपण ती बातमी पहिल्या पानावर घेतली होती. मी कात्रण ठेवलंय. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात दरवर्षी सुमारे चार लाख मुलांना आणि किशोरांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांवर वाचतात, आणि अनेक गरीब देशांत ३० टक्केही नाही. परळला जे औषध आहे ते बरंचसं तेच आहे जे त्या देशांत आहे. अंतर परंडा ते परळ आहे, आणि माझ्या वर्गातल्या पोराला ते कापायला अडीच महिने लागले.

पुढच्या वर्षी आपण तपासणीचा आकडा छापाल तेव्हा त्याच चौकटीत गैरहजर मुलं किती होती आणि त्यांतल्या कितींच्या घरी पथक गेलं, हेही विचारून छापावं ही विनंती. आणि परंडा-भूम तालुक्यांतल्या ज्या मुख्याध्यापकांना किंवा तालमींना हे सगळं प्रत्यक्ष ऐकायचं असेल त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावं. मी येईन. मानधन नको, एसटीत मला अर्धंच तिकीट आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. परंडा, जि. धाराशिव
(मुलाची ओळख कळू नये म्हणून नाव छापू नये. नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)